या रविवारी एक वही घेऊन बसा

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसपाणी उरकल्यावर कधीतरी त्या घरातली बाई बँकेत येते. सोबत भाऊ किंवा दीर असतो आणि हातात एक पिशवी. ती पिशवी टेबलावर ठेवते आणि म्हणते, "मॅडम, ह्यातलं काय कामाचं आहे ते तुम्हीच बघा. हे सगळं तेच बघायचे."

मी 32 वर्षं बँकेत नोकरी केली. त्यातली शेवटची सहा वर्षं मयत खातेदारांचे दावे माझ्या टेबलावर होते. त्या पिशव्या मी शेकड्यांनी उघडल्या. मुदत संपून चार वर्षं झालेली ठेवपावती, कधीच बंद पडलेल्या विम्याची पहिली पावती, जुनी वीजबिलं, डायरीच्या फाटक्या पानावर "भाऊंना 40 दिले" एवढीच नोंद. कुठले भाऊ, चाळीस हजार की चाळीस लाख, परत आले की नाही, हे सांगणारा माणूस फोटोत जाऊन बसलेला असतो. समोरची बाई ते पान हातात धरून माझ्याकडे बघत राहते.

निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली, पण त्या पिशव्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून हे आवाहन. पैसे कुठे गुंतवावेत हे मी सांगणार नाही, ते सांगणारे खूप आहेत. माझी विनंती एवढीच आहे, की येत्या रविवारी दोन तास काढा, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना एकत्र बसवा आणि आपल्याजवळ काय आहे, कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, हे एका वहीत लिहून काढा. पुढच्या रविवारवर ढकलू नका. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक घरांत हा विषय निघाला होता, "बघू निवांत" म्हणून बाजूला पडला होता.

माझ्या स्वतःच्या माहेरीही तेच झालं. माझा धाकटा भाऊ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होता. 44 व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. भविष्य निर्वाह निधीच्या अर्जावर नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव होतं, ते सहा वर्षांपूर्वीच वारले होते. नोकरीला लागताना, लग्नाआधी भरलेला तो अर्ज त्याने पुन्हा कधी उघडून पाहिला नव्हता. बँकेतली ठेवही वडिलांच्याच नॉमिनेशनवर. वहिनीला हक्काचे पैसे मिळाले, पण आठ महिन्यांनी. त्या आठ महिन्यांत मुलीची बारावीची फी तिने पाटल्या मोडून भरली. मी रोज परक्या बायकांना कागद समजावत होते आणि माझ्या पाठच्या भावाला एकदाही विचारलं नव्हतं, "अरे, तुझं नॉमिनेशन नीट आहे ना?" हे मला आजही झोपू देत नाही.

त्याच वेळी अजून एक गोष्ट कळली. भविष्य निर्वाह निधी कापला जाणाऱ्या कामगाराचा नोकरीत असताना मृत्यू झाला, तर त्या निधीशी जोडलेला एक विमा असतो. 1976 पासूनची ही योजना आहे आणि 2021 पासून तिची कमाल रक्कम सात लाख रुपये आहे. हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसतच नाही. जे चिठ्ठीवर दिसत नाही ते घरच्यांना कसं ठाऊक असणार? वहिनीने निधीचा आणि पेन्शनचा अर्ज भरला होता, विम्याचा भरलाच नव्हता. एका जुन्या सहकाऱ्याने सहज विचारलं म्हणून निभावलं. तुमच्या घरात कोणी खासगी नोकरीत असेल, तर या विम्याची नोंद वहीच्या पहिल्या पानावर करा.

अशीच दुसरी नोंद पासबुकात सापडते. मे महिन्याच्या आसपास 436 रुपये आणि 20 रुपये वजा झालेले दिसतात का, ते पाहा. 436 म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख. 20 म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख. खातं उघडताना कोणीतरी सही घेतलेली असते आणि दरवर्षी पैसे आपोआप जातात. माणूस गेल्यावर घरचे पासबुक भरून घेतात, शिल्लक बघतात आणि मिटवतात. त्या एका ओळीकडे लक्ष न गेल्याने दोन लाख रुपये मागायचेच राहून गेलेली घरं मी पाहिली आहेत. अशा घरासाठी दोन लाख म्हणजे दोन वर्षांचा किराणा.

विसरलेल्या पैशाचं काय होतं? दहा वर्षं खात्यावर व्यवहार झाला नाही किंवा मुदत संपलेल्या ठेवीला कोणी विचारलं नाही, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरते. 2014 साली हा निधी सुरू झाला. मार्च 2024 अखेर त्यात 78,213 कोटी रुपये होते. हा पैसा बुडालेला नाही, वारसांना तो आजही परत मागता येतो. 2023 पासून रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ आहे. खातेदाराचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखा एखादा तपशील टाकला की त्यात सामील झालेल्या बँकांतल्या अशा ठेवी शोधता येतात. वडील, आजोबा, बदलीच्या गावी खातं उघडलेले काका, सगळ्यांची नावं टाकून पाहा. पण माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. शोधायची वेळ येऊच नये.

आता ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे बोलते.

नुकतं लग्न झालंय त्यांनी पहिलं काम नॉमिनेशनचं करा. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बँक खाती, विमा, म्युच्युअल फंड, सगळीकडे. निधीचा आणि ग्रॅच्युइटीचा अर्ज लग्नानंतर नव्याने भरावाच लागतो. आईचं नाव काढून बायकोचं घालायचं म्हणजे आईला दुखावणं, असं वाटून कितीतरी मुलं हे टाळतात. तो प्रश्न आता निदान बँकेत उरलेला नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. आई आणि बायको दोघींची नावं घाला आणि दोघींना समोर बसवून सांगा.

इथेच एका गोष्टीवर जरा थांबते, कारण ती आपल्याकडे फार त्रास देते. लग्नानंतर आपल्याकडे बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कित्येक घरांत पहिलं नावही बदलतं. माहेरची सुमन सासरी शुभांगी होते. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, नवऱ्याने विम्याच्या अर्जात लिहिलेलं तिसरं, तेही घरात हाक मारतात ते, "बेबी". एका बाईला ती स्वतःच ती आहे हे सिद्ध करायला पाच महिने लागलेले मी पाहिले. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, दोन साक्षीदार, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न. लग्नाची नोंदणी झालेली नसली तर हाल आणखी वाढतात. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी तर आजच पेन्शनच्या आदेशावर पत्नीचं नाव, जन्मतारीख आणि दोघांचा एकत्र फोटो आहे का आणि ते नाव आधारशी अक्षरशः जुळतं का, हे पाहावं. तुम्ही हयात असताना ही दुरुस्ती एका अर्जाने होते. तुमच्या मागे तिला एकटीला तेच काम करायला लावू नका.

मुलं लहान आहेत त्यांना माझं सांगणं कळकळीचं आहे. तुमच्यावर चार माणसं अवलंबून आहेत, घराचा हप्ता चालू आहे, आणि विमा म्हणून हातात काय आहे? वर्षाला तीस हजार हप्त्याची, पाच लाख संरक्षणाची, "पैसे परत मिळणारी" पॉलिसी. पाच लाखांत घर किती महिने चालेल, याचा हिशोब कागदावर करा. या वयात लागतो तो साधा मुदत विमा, वर्षाच्या कमाईच्या दहा ते पंधरा पट, आणि वर कर्जाची रक्कम. मुदतीअखेर काही परत मिळत नाही म्हणून लोक तो घेत नाहीत. दुचाकीच्या विम्याचे पैसे परत मिळाले नाहीत म्हणून कोणी रडत नाही, मग इथेच का? वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे.

तुमचं दुकान असेल, धंद्यासाठी कर्ज काढलेलं असेल, तर विमा घेतानाच एजंटला सांगा, की पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली हवी. अर्जात त्याची जागा असते. तशी पॉलिसी असली की ती रक्कम बायकामुलांचीच राहते, कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. दीडशे वर्षं जुना, इतका उपयोगी कायदा फार थोड्या दुकानदारांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. आणि लहान मुलाला नॉमिनी करत असाल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान माणसाचा रकाना कोरा सोडू नका.

पंचेचाळीस ओलांडलेल्यांनो, कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. साठाव्या वर्षी नवा घ्यायला गेलात, तर आधीपासूनच्या मधुमेहावर, रक्तदाबावर कंपनी तीन वर्षांपर्यंत खर्च नाकारू शकते. ती तीन वर्षं आत्ता, पगार चालू असताना जाऊ द्या. पन्नाशीच्या आत स्वतःची वेगळी पॉलिसी हवी. मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कोणी कर्ज देत नाही. म्हणून मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी भविष्य निर्वाह निधी मोडायला निघालेल्या प्रत्येक बापाला मी हात जोडते. मोडू नका.

निवृत्त झालेल्या माझ्या बरोबरीच्या मंडळींना दोन गोष्टी. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने आत्ताच करून देऊ नका. मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवणं शहाणपणाचं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज डोक्यातून काढा. बहुतेक ठिकाणी नॉमिनी पैसे ताब्यात घेऊन खऱ्या वारसांसाठी सांभाळणारा असतो. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा लागतो. हिंदू पुरुष गेला तर 1956 च्या कायद्याने आई, बायको, मुलगे, मुली यांना सारखा हिस्सा. वडील त्या पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. "सगळं बायकोचंच होणार" असं गृहीत धरून बसलेल्या किती घरांत पुढे बोलणं बंद झालं, हे मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट ठेवींची. बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या एका बँकेतल्या व्याजासह पाच लाखांपर्यंतच्या रकमेला विम्याचं संरक्षण आहे, ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासूनची. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थांना मात्र नाही. दीड टक्का जास्त मिळतो आणि चेअरमन ओळखीचा आहे म्हणून ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम गल्लीतल्या पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

शेतकरी घरांसाठी वेगळं सांगायला हवं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच, वडीलही गेले, आणि जमीन कसतो नातू. पीककर्ज अडतं, पीकविमा अडतो, नुकसानभरपाई अडते. 2025 साली राज्य सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, पण उशीर झालाय म्हणून घरी बसू नका, गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे जा. आपण त्यांना अजून तलाठीच म्हणतो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला, अगदी सर्पदंशाने किंवा विजेच्या धक्क्याने, तरी गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी सहसा पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं. दुःखाच्या भरात "कशाला फाडाफाडी" म्हणून ते टाळतात आणि दावा तिथेच संपतो. हे आधी माहीत असलं पाहिजे, नंतर कळून काही उपयोग नाही.

बायांनो, आता तुमच्याशी. हे सगळं पुरुषांच्या पैशाबद्दल आहे असं समजू नका. लाडकी बहीण योजनेमुळे, बचत गटामुळे कितीजणींच्या हातात स्वतःच्या नावाचं खातं आलं. त्याला नॉमिनी आहे का? भिशीचे पैसे कोणाकडे आहेत? माहेरून आलेले दागिने लॉकरमध्ये आहेत की सोनेतारणात? बाई गेल्यावर नवरा आणि मुलगी तिच्या कपाटासमोर हतबुद्ध उभे राहतात, हेही मी पाहिलं आहे. आणि नवरा हयात असतानाच त्याच्याबरोबर एकदा बँकेत जा. पासबुक स्वतः भरून आणा. पैसे काढायची चिठ्ठी स्वतः भरा. "मला त्यातलं कळत नाही" हे वाक्य बोलणाऱ्या बायका पुढे सगळं शिकल्याच, फक्त फार वाईट दिवसांत शिकल्या.

वहीत येणं लिहाल तसं देणंही लिहा. कोणाला जामीन राहिलात, कोणाकडून हातउसने घेतले, कुठे सोनं तारण आहे. हे लपवू नका. माणूस गेल्यावर वसुलीवाले दारात येतात आणि घरच्यांना पहिल्यांदा कळतं. त्या वेळी हे लक्षात असू द्या: वारसांची जबाबदारी त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. बापाच्या जामिनकीसाठी मुलाच्या स्वतःच्या पगारावर कोणी दावा सांगू लागला, तर सही करण्याआधी वकिलाला विचारा. सहकर्जदार म्हणून तुमची स्वतःची सही असेल तर मात्र ते कर्ज तुमचंही आहे.

वहीत पिन, पासवर्ड लिहायची गरज नाही. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढूही नका, पुढे वारसांत वाद झाला तर ते अंगाशी येतं. खातं कुठे आहे एवढं कळलं की पुरे. नॉमिनी असला आणि कागद पूर्ण असले, तर बँकेने 15 दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. घरखर्चाचं खातं दोघांच्या नावावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने ठेवलं, तर ते पंधरा दिवसही अडायचं कारण नाही. वही कुठे ठेवली हे घराबाहेरच्याही एका विश्वासू माणसाला सांगा, बहिणीला सांगा. वर्षातून एकदा, दिवाळीत किंवा मार्चअखेरीला, ती उघडून दुरुस्त करा.

आणि एक मागणं त्यांच्याकडे, ज्यांच्या घरी सगळं नीट आहे. तुमच्या आळीत, तुमच्या सोसायटीत, तुमच्या वस्तीवर एखादी बाई नुकतीच एकटी पडली असेल. भेटायला जाता तेव्हा डबा नेता, ते नेत राहा. पण महिना उलटला की एका सकाळी तिच्याकडे जाऊन तिच्या पिशवीतले कागद तिच्यासोबत लावा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत झाली का विचारा, दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढायला सांगा, कारण प्रत्येक ठिकाणी एक ठेवून घेतात. मग तिच्यासोबत बँकेत जा. सोमवार आणि महिन्याचे पहिले चार दिवस टाळा, तेव्हा काउंटरला श्वास घ्यायला फुरसत नसते. मंगळवार, बुधवार, सकाळी साडेदहा. तिचं आधार, पॅन, दोन फोटो आणि नवऱ्याचं पासबुक घ्या. अर्ज तिलाच भरू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा.